युनोचा फॉर्म आणि आमची बत्तिशी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हंजे नंतर कुणी विचारायला नको. मी मॅट्रिक आहे. मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार. जहाजातून पोलादाच्या गुंडाळ्या निघतात, त्यांना साखळ्या लावायच्या, काढायच्या. वेळ मिळाला की कविता लिहितो. युनोची नोकरी मला मिळायची नाही, मी मागतही नाही. पण यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी माझी चुलत बहीण त्या नोकरीच्या अटी घेऊन बसलीय. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन येतो, 'दादा, या शब्दाचा अर्थ काय होते?' जसा काय मी जिनिव्हात जन्मलो.

पोरगी एमएसडब्ल्यू आहे. आमच्या वस्तीतली पहिली. तिची आई, माझी काकू, अजून दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. काकू म्हणते, 'कायले पाह्यजे तुले थे युनो? तलाठ्याचा फार्म भर.' तलाठ्याचा तिनं भरून झालाय. ग्रामसेवकाचा भरून झालाय. आता ती म्हणते, एकदा हाही भरून पाहाते, नाही म्हणतील तर म्हणतील.

आता अटी ऐका. युनोत तरुण पोरांना पहिल्या पायरीवर घ्यायला यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम नावाची परीक्षा आहे. २०११ साली जुनी परीक्षा बंद करून ही आणली. पदवी पाहिजे, आणि ती परीक्षेच्या विषयाशी जुळणारी पाहिजे. इंग्रजी नाहीतर फ्रेंच अस्खलित पाहिजे. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला बत्तीसच्या वर नको. आणि तुमच्या देशाचं नाव त्या वर्षीच्या यादीत पाहिजे. यादी कुणाची? ज्या देशांची माणसं युनोच्या कचेरीत त्यांच्या वाट्यापेक्षा कमी भरतात त्यांची. ज्या वर्षी तुमचा देश यादीत नाही त्या वर्षी तुम्ही परीक्षेलाच बसायचं नाही.

ही शेवटची अट पुन्हा वाचा, दोस्तांनो. युनोची सनद १९४५ ची. तिच्या १०१ व्या कलमात म्हटलंय की नोकर नेमताना कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी हे आधी बघायचं, पण जमतील तितक्या देशांमधली माणसं येतील याकडेही लक्ष ठेवायचं. मग त्यासाठी देशादेशाचा वाटा ठरवला, आकडे बांधून. ज्याचा वाटा रिकामा त्याच्या पोरांना वेगळं दार. याला आपल्या भाषेत काय म्हणतात? राखीव जागा म्हणतात! आमच्या पोरानं मेडिकलला सीट घेतली की ज्यांच्या घरात 'मेरिट मेलं, मेरिट मेलं' म्हणून सुतक पाळतात, त्यांचीच पोरं भारतीय म्हणून या राखीव जागांच्या रांगेत उभी राहतात, आणि तिथं कुणाचं मेरिट मरत नाही.

वाटा कसा ठरतो तेही मी हुडकून काढलं. १९८८ पासून लागू झालेलं सूत्र असं: देश सभासद आहे याला ४० टक्के वजन, लोकसंख्येला ५ टक्के आणि देश युनोला किती पैसा देतो त्याला ५५ टक्के. माणसांना पाच, पैशाला पंचावन्न. आमच्या गावच्या सोसायटीचा कारभार याहून वेगळा नाही, फक्त तिथं सूत्र लिहून ठेवलेलं नसतं.

आणि देशाला मिळालेला वाटा देशातल्या कुणी खाल्ला? हे युनो विचारत नाही. पासपोर्टावर जात लिहिलेली नसते, ते चांगलंच आहे. पण घाटंजीहून पासपोर्टापर्यंत जी वाट आहे तिच्यावर जागोजागी जात उभी आहे, तिचं काय करायचं?

बत्तीस वर्षांचंच घ्या. बत्तीस ऐकायला भरपूर वाटतात. ज्याच्या घरात तीन पिढ्यांपासून पुस्तकांचं कपाट आहे तो बावीसला पदवी घेतो, चोविसाव्या वर्षी बाहेरची दुसरी पदवी, पंचविसाव्या वर्षी कुठल्यातरी संस्थेत इंटर्न, सत्ताविसाव्या वर्षी परीक्षा. नापास झाला तर अजून पाच वर्षं हातात. माझ्या बहिणीची बत्तीस वर्षं मोजा. बारावीच्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि काका अंथरुणाला खिळला, ते वर्ष गेलं. पदवीनंतर दोन वर्षं एका दुकानात हिशेब लिहिला, कारण धाकट्या भावाची फी होती. जात पडताळणीचा कागद आजोबाच्या दाखल्यातल्या एका अक्षरावरून अडला, त्यात आठ महिने. एमएसडब्ल्यूला असताना शिष्यवृत्तीचा हप्ता एका खात्यात असा अडकला की परीक्षा झाली, निकाल लागला, कॉलेज सुटलं आणि मग पैसा आला. तोवर उसनवारीवर व्याज चढलेलं. आता ती एकतीस पार करतीये. आपल्या राज्याच्या सरकारी भरतीत मागासवर्गीयाला वयात पाच वर्षांची सवलत आहे. ती सवलत मिळवायला कुणीतरी भांडलं म्हणून आहे. युनोत ती नाही. देशाचा मागासपणा त्यांना कळतो. देशाच्या आतला मागासपणा कळत नाही, कारण तो सांगणारा माणूस त्यांच्या कचेरीत बसलेला नाही. आणि तो बसायचा कसा, तर आधी बत्तीसच्या आत परीक्षा द्यायची.

त्यात युनोच्याच तिजोरीत खडखडाट झालाय. यूएन-८० असं नाव देऊन जागा कमी करायचं चाललंय. जागा कमी झाल्या की तेवीस वर्षांचा पोरगा वाट बघतो. एकतीसवाल्या पोरीनं काय बघायचं?

आता अनुभवाचं. परीक्षेचं दार नको तर दुसरी दारं आहेत. एक ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसरचं. त्याचा पगार युनो देत नाही, कुठलंतरी सरकार देतं. बहुतेक श्रीमंत देशांची सरकारं, आणि बहुतेक आपल्याच पोरांसाठी. दुसरं दार इंटर्नशिपचं. युनोच्या मुख्य कचेरीची इंटर्नशिप बिनपगारी. न्यूयॉर्क, जिनिव्हा, असल्या महाग शहरांत जायचं, खोली आपली, खाणं आपलं, विमान आपलं, आणि सहा-सहा महिने फुकट राबायचं. २०१५ साली डेव्हिड हाईड नावाचा न्यूझीलंडचा बावीस वर्षांचा पोरगा युनोत इंटर्न होता. खोली परवडेना म्हणून जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला. फोटो जगभर छापून आले, त्यानं इंटर्नशिप सोडली, युनोची शोभा झाली. मला त्या पोराचा राग नाही, त्यानं चांगलंच केलं. पण मी विचार करतो, शिवडीच्या रेल्वेलायनीला आमची माणसं पिढ्यान् पिढ्या प्लास्टिकखाली राहतात आणि सकाळी कामावर जातात, तिथं कुणी फोटोवाला येत नाही, आणि आला तर झोपडपट्टी पाडायच्या दिवशी येतो.

पैसे देता येत नाहीत असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० पासून इंटर्नना भत्ता द्यायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना देते. म्हंजे बिनपगारी राबवणं हा नियम कुणीतरी ठरवलेला आहे आणि तो मोडता येतो. फुकट राबवून घेण्याला आमच्याकडे वेठ म्हणत, येसकरकी म्हणत. आमच्या बापजाद्यांनी ती करून सोडली. आता तीच जिनिव्हात करायची, वर आपल्या खर्चानं, आणि ती केली की मग 'अनुभवी' म्हणणार!

आणि माझ्या बहिणीला अनुभव नाही असं कसं? सहा वर्षं ती घाटंजी, केळापूर, झरी जामणीच्या पोडांवर हिंडलीय. कोलामांच्या घरात बसून किती लेकरं, किती दूध, किती मेली, हे लिहून घेतलंय. कुणासाठी? कुठल्यातरी संस्थेसाठी, जी दुसऱ्या संस्थेसाठी काम करते, जिचा अहवाल शेवटी इंग्रजीत होऊन दिल्लीला नाहीतर त्याच्याही पुढं जातो. पण ती 'मानधनावर' होती. अनुभवाचा दाखला मागायला गेली तर संस्थेचा बोर्ड उतरलेला. अहवालावर नाव दुसऱ्याचं, चपला झिजल्या हिच्या.

शहरातल्या वाचकाला वाटेल, यवतमाळ कुठं आणि आंतरराष्ट्रीय कुठं. बाबांनो, यवतमाळ शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ आंतरराष्ट्रीय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरोगेज लाईन टाकली गोऱ्या कंपनीनं, ती आपली शकुंतला. लोकांना फिरायला नाही टाकली. कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लायनीनं मुंबईच्या गोदीत, गोदीतून मँचेस्टरला. मी जिथं काम करतो त्याच्या पलीकडं कॉटन ग्रीन आहे. स्टेशनाचं नाव मी लहानपणी ऐकलं तेव्हा वाटायचं बाग असेल. मागाहून कळलं की आमच्या आज्यानं वेचलेला कापूस तिथं गठ्ठ्यानं पडून राहायचा. कापसाला कुणी पात्रतेचा दाखला मागितला नाही.

आणि दुसरी खेप २०१७ ची. ती तर तुम्हाला आठवत असेल. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात भिनून वीसच्या वर माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यात मजूर किती होते, पाठीवर पंप कुणाच्या होता, हे गावात जाऊन बघा. पुढं सप्टेंबर २०२० मध्ये ५१ जणांच्या वतीनं बासेलच्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली, ओईसीडी नावाची श्रीमंत देशांची संघटना आहे तिच्या नियमांखाली. २०२१ साली तिघांनी, दोन विधवा आणि एक वाचलेला, बासेलच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. कंपनीनं आरोप नाकारले. निकाल काय व्हायचा तो होवो, मला दुसरं सांगायचंय. बाई वऱ्हाडीत सांगणार, 'सांजच्याले घरी आले, डोळे दिसेनात.' ते मराठीत लिहिणार कुणी, इंग्रजीत करणार कुणी, आणि बासेलच्या कोर्टाची भाषा जर्मन. मधे किती हात, किती टेबलं! ज्यांनी ती मदत केली त्यांना सलाम. पण त्या टेबलांपैकी एका टेबलावर घाटंजीची पोरगी का नको? 'डोळे दिसेनात' म्हंजे काय, फवारणीच्या दिवशी रोजंदारी का सोडता येत नाही, मालक तोंडाला बांधायला काय देतो आणि काय देत नाही, हे तिला पुस्तकातून शिकावं लागणार नाही. ही पात्रता नाही तर काय आहे?

इथं कुणीतरी हमखास डॉ. नरेंद्र जाधवांचं नाव काढतो. 'बघ, तुझ्याच गोदीच्या कामगाराचा पोरगा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत पोचला.' पोचला, खरंय. बाप पोर्ट ट्रस्टचा कामगार, घर वडाळ्याला, पोरगा अमेरिकेत इंडियानातून पीएचडी, रिझर्व्ह बँकेत मोठा अधिकारी, नाणेनिधीत सल्लागार. 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आलं, आमच्या गोदीत अजून हातोहात फिरतं, माझ्याकडची प्रत मुकादमानं नेली ती परत दिली नाही. पण नीट बघा ना, तो कुठल्या जिन्यानं चढला? बापाला पोर्ट ट्रस्टाची नोकरी होती. पोराला सार्वजनिक विद्यापीठ होतं. आणि आंतरराष्ट्रीय दार उघडलं ते रिझर्व्ह बँकेच्या, म्हंजे सरकारी संस्थेच्या आतून. त्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून काढल्या गेल्या. त्याच गोदीत मी कंत्राटदाराचा माणूस आहे. आज बोलावतील, उद्या नाही. माझ्या पोराला मी जाधवांचं पुस्तक देऊ शकतो, तो जिना देऊ शकत नाही. त्यांचं नाव घेऊन आम्हाला गप्प करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

शिष्यवृत्त्या आहेत की, असं म्हणतील. आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या ७५ पोरांसाठी. २०२४ साली सरकारनं तिला दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ७५ टक्क्यांची अट लावली. ओरड झाल्यावर मागं घ्यावी लागली. पण अट सुचली कुणाला, कुठल्या टेबलावर, हे विसरू नका. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या नियमात घालून ठेवलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांना पैसा मिळणार नाही. म्हंजे जातीवर अभ्यास करायला जातीवाल्या पोरानं बाहेर जायचं नाही! २०२५ साली त्याच योजनेत १०६ जण निवडले आणि पहिल्या झटक्यात पत्रं दिली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, पैसा असेल तर बघू. युनोत हिंदीचा प्रसार व्हावा म्हणून २०२२ साली याच देशानं ८ लाख डॉलर दिले, तेव्हा पैसा होता.

बाबासाहेबांना १९१३ साली बडोद्याच्या महाराजांनी महिन्याला साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी, म्हणून कोलंबिया झालं. आणि मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यात टाकून परत यावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. प्रोफेसरकीतली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने. त्यांच्या माथी बत्तीसची अट असती तर! १९२३ साली डी. एस्‌सी. घेतली तेव्हा ते बत्तीसच्या घरात होते.

आता आपल्या माणसांशी बोलायचंय आणि जरा वाकडं बोलणार आहे. मागच्या महिन्यात एका बैठकीत मी हा विषय काढला तर एक शिकलेला मित्र म्हणाला, 'अरे, युनो म्हंजे साम्राज्यवाद्यांचा दिवाणखाना. तिथं चाकरी करून क्रांती होणार?' टाळ्या पडल्या. मी म्हटलं, साहेब, तुम्ही इंग्लिश मीडियमवाले, तुम्हाला दिवाणखान्याचा कंटाळा यायचा हक्क आहे, आम्ही अजून तो बघितलेला नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या ड्यू बॉईसला पत्र लिहून विचारलं होतं, तुम्ही निग्रो लोकांनी युनोकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा, अस्पृश्यही तसंच करायचा विचार करतायत. साम्राज्यवाद त्यांना कळत नव्हता काय? २००१ ला डर्बनला जागतिक परिषद भरली तेव्हा भारत सरकार म्हणालं, जात म्हंजे वंश नाही, हा आमच्या घरातला मामला. तरी आपली माणसं तिथं गेली, घोषणा दिल्या. २००२ साली युनोच्या वंशभेदविरोधी समितीनं लिहून दिलं की जन्मावरून होणारा भेदभावही यात येतो, जातीसकट. मांडवाबाहेरून एवढं झालं. आत आपली चार माणसं कागद लिहायला बसलेली असती तर ड्यू बॉईसच्या पत्रापासून इथवर यायला छप्पन्न वर्षं लागली असती का, हा माझा प्रश्न आहे.

दुसरी जात 'इंग्रजी कशाला' म्हणणाऱ्यांची. यवतमाळलाच २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. इंग्रजीत लिहिणारी बाई उद्घाटनाला कशाला, अशी आरडाओरड झाली आणि नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं. खरं कारण तिचं भाषण होतं, हे भाषण वाचलेल्या कुणालाही कळतं. मराठीचा असा कळवळा दाखवणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते एकदा मोजा. उद्घाटन शेवटी वैशाली येडे या शेतकरी विधवेनं केलं आणि सगळ्या साहित्यिकांपेक्षा बरं बोलली, ते वेगळं.

आणि तिसरे, जे पोचले आणि गायब झाले. आडनाव आखडून घेतलं, गावचा फोन उचलत नाहीत. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तिथं एकटं पडल्यावर माणसाचं काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि गोदीतही आडनाव विचारणारे कमी नाहीत.

मग मागायचं काय? परदेश शिष्यवृत्तीच्याच पैशातून आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या इंटर्नशिपचा पूर्ण खर्च, महिन्याच्या महिन्याला, नंतर नाही. आपलं सरकार जेव्हा आपल्या खर्चानं युनोत माणूस पाठवील तेव्हा त्यात राखीव जागा, देशात आहेत त्याच प्रमाणात. युनोपुढं मागणी: देशाचा वाटा मोजता तसा देशाच्या आतला वंचित मोजा, आणि त्याच्या वयाला पाच वर्षं जास्त द्या. मानधनावर केलेलं काम हे काम धरा. हसू नका. आपल्या राखीव जागांनाही एकेकाळी लोक असेच हसले होते.

आणि जे सरकारकडं मागायला नको तेही आहे. २०१७ च्या सुमाराला यवतमाळातून राजू केंद्रे आणि त्यांच्या मित्रांनी एकलव्य सुरू केलं. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरांना मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेशाला तयार करायचं, आधी गेलेल्यानं मागच्याचा अर्ज तपासायचा. मला ते आवडतं, कारण त्याला जी.आर. लागत नाही. मुंबईत, पुण्यात, नागपुरात आपल्यातले किती जण बरं इंग्रजी लिहितात? आठवड्याला एक अर्ज तपासून दिला तर तुमची क्रांती लांबणीवर पडणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी संपादकांकडं नाव द्या. मी पहिली केस पाठवतोय.

परवा रात्री तिचा पुन्हा फोन आला. भाषेचा रकाना होता. मातृभाषेत काय लिहू म्हणाली, मराठी का वऱ्हाडी. मी म्हटलं, मराठी लिही. मग म्हणाली, 'इंग्रजी बोलता येते का, असं इचारते. काय लिहू दादा?' तितक्यात क्रेनवाल्यानं शिट्टी मारली. मी ओरडून म्हणालो, येते लिही, आणि साखळी धरायला पळालो.